प्रदर्शनाच्या तोंडावर जनावर दगावलं तर? शेवटचा महिना आणि मेल्यानंतरचे पहिले तास सांभाळा

रत्नागिरी : वर्षभर राबून तयार केलेला बोकड, जीव लावून वाढवलेली पाडी, नांगरणी स्पर्धेसाठी घडवलेला बैल. प्रदर्शन आठ-पंधरा दिवसांवर येतं आणि एका सकाळी गोठ्यात जनावर आडवं पडलेलं दिसतं. हे गावागावात घडतं, पण त्याची बातमी होत नाही. बातमी होते ती नंबर आलेल्या जनावराची. ज्या पोराचं जनावर गेलं तो आठवडाभर कुणाशी बोलत नाही, महिनाभराने गोठा रिकामा होतो आणि पुढच्या वर्षी तो मुंबईच्या गाडीत बसलेला असतो.

आपल्या जिल्ह्यात गुरं कमी होत चालल्याची तक्रार प्रत्येक ग्रामसभेत ऐकू येते. जी तरुण पोरं हौसेने, जिद्दीने जनावर पाळतात त्यांच्यापैकी एकाने जरी पहिल्या धक्क्याला हा नाद सोडला तरी वाडीतला एक गोठा कायमचा बंद होतो. म्हणून हा विषय एका बोकडाचा राहत नाही. प्रदर्शनाआधी जनावरं का मरतात, मेल्यावर लगेच काय करायचं, पैसे कुठून मिळू शकतात आणि पोराला कसं सावरायचं, हे समजून घेण्यासारखं आहे.

नजर नाही, खुराक

गावात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "नजर लागली." जनावर देखणं होतं, येणारा-जाणारा थांबून बघत होता, मोबाईलवर फोटो फिरत होते. मग गेलं ते नजरेनेच, असं म्हटलं की विषय संपतो. पण कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट जनावरच आधी का जातं, याला सरळ कारण आहे.

शेळ्यांमध्ये आंत्रविषार नावाचा रोग आहे. दवाखान्यात त्याला ईटी म्हणतात. या रोगाचे जंतू निरोगी शेळीच्या आतड्यातही थोड्या प्रमाणात असतातच. एरवी ते काही करत नाहीत. पण प्रदर्शन जवळ आलं म्हणून मका, गहू, तांदळाची कणी, पेंड असा खुराक एकदम वाढवला की सगळं धान्य नीट पचत नाही. न पचलेला पिठूळ भाग आतड्यात उतरतो, त्यावर जंतू झपाट्याने वाढतात आणि विष तयार करतात. संध्याकाळी उड्या मारणारं करडू सकाळी मेलेलं सापडतं. ज्याला जास्त खुराक तेच आधी मरतं. सडावर चरून येणारी हाडकुळी शेळी जगते आणि लाडाचा बोकड जातो तो असा.

दुसरा प्रकार पोटातल्या आम्लाचा. सत्यनारायण, लग्न, बारसं झालं की उरलेला भात, पोळ्या, गोडधोड जनावरापुढे ओततात. मे महिन्यात पिकलेल्या फणसाचे गरे आणि चारखंड टोपलीभर टाकतात. काजूची बोंडं कुजायला लागली की तीही गोठ्यात जातात. रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट गवत, पाला, पेंढा यासाठी बनलेलं आहे. गोड आणि पिठूळ पदार्थ एकदम गेला की पोटात आंबतो, आम्ल वाढतं, जनावर दात खातं, उभं राहत नाही, पातळ हगतं आणि वेळेत उपचार नाही मिळाला तर दोन-तीन दिवसांत जातं. हे गाई-म्हशींनाही होतं.

खुराक वाढवायचाच तर महिनाभर आधीपासून थोडा थोडा वाढवावा. रोज दोन मूठ देत असाल तर आठवड्याला अर्धी-अर्धी मूठ चढवा. खुराकाआधी पेंढा किंवा सुका चारा पोटात जाऊ द्या. "शेवटच्या आठवड्यात जरा भरलं पाहिजे" हा विचारच घातक आहे. आठवड्यात भरलेलं अंग परीक्षकांनाही कळतं आणि धोका तेवढा पोराच्या वाट्याला येतो.

लस उशिरा म्हणजे लस नाही

प्रदर्शनाला जायचं म्हणून चार दिवस आधी दवाखान्यात धावाधाव होते. लस टोचली की जनावर सुरक्षित झालं असं वाटतं. तसं नसतं. लस टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. तोपर्यंत जनावर उघडंच असतं. ईटीची लस पहिल्यांदा देताना तर पुन्हा एकदा टोचावी लागते, तेव्हाच ती नीट लागू होते.

शेळ्यांसाठी दुसरी मोठी भीती पीपीआरची. शेतकरी याला बकरी प्लेग म्हणतात. ताप, नाका-डोळ्यांतून चिकट पाणी, तोंडात फोड, मग हगवण. हा विषाणू एका शेळीकडून दुसरीकडे जातो आणि बाजार, जत्रा, प्रदर्शन या त्याच्या आवडत्या जागा. याची एक लस साधारण तीन वर्षं पुरते. बाजारातून नवीन बोकड आणून थेट जुन्या शेळ्यांत सोडला तर रोगही सोबत येतो. नवीन जनावर किमान तीन आठवडे वेगळं बांधणं हा साधा नियम आहे, पण जागा नाही म्हणून तो सगळ्यात आधी मोडला जातो.

गाई-म्हशींना पावसाआधी घटसर्प आणि फऱ्याची लस, आणि वेळच्या वेळी लाळ्या-खुरकुताची लस, हे तर ठरलेलंच.

२०२२ मध्ये काय झालं

प्रदर्शनासाठी तयार केलेलं जनावर गमावण्याचा सगळ्यात मोठा अनुभव महाराष्ट्राने लम्पीच्या साथीत घेतला. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात चिनावल इथे लम्पी चर्मरोगाची जनावरं आढळली आणि बघता बघता साथ राज्यभर पसरली. सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. गुरांचे बाजार, जत्रा, शर्यती, प्रदर्शनं सगळं थांबलं.

तेव्हा पोरांचं दुहेरी नुकसान झालं. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पुन्हा वाट मोकळी करून दिली होती. त्या हौसेने अनेकांनी नवीन खोंड घेतले होते, खिलारांच्या किमती चढल्या होते तो हा काळ. वर्षही झालं नाही आणि साथ आली. काहींचं जनावर अंगावर गाठी येऊन मेलं. काहींचं वाचलं, पण दाखवायला मैदानच उरलं नाही.

त्या साथीतून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली, लम्पी माणसाला होत नाही. डास, माश्या, गोचीड यांच्यामुळे तो जनावरांत पसरतो. कोकणातल्या पावसात, ओल्या गोठ्यात हे तिन्ही भरपूर. त्यामुळे गोठा कोरडा ठेवणं, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करणं, गोचिडीचं औषध डॉक्टरांना विचारून लावणं हेही रोग अडवणंच आहे.

दुसरी, तेव्हा जनावरांची वाहतूक सुरू करताना लस टोचून २८ दिवस झाले आहेत का, हे बघितलं जात होतं. कार्यक्रमाची तारीख कळली की तिथून उलटे दिवस मोजून लस घ्यायची, हा धडा तिथेच मिळाला.

तिसरी, लम्पीने जनावर दगावल्यास शासनाने मदत दिली. दुभत्या गाईला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये असा तो दर होता. पण पैसे मिळाले ते ज्यांनी वेळेत दवाखान्यात कळवलं आणि पंचनामा करून घेतला त्यांना. ज्यांनी रातोरात पुरून टाकलं त्यांच्या हातात दाखवायला काही राहिलं नाही.

कोकणातले आपले धोके

घाटावरच्या जनावराला जे धोके असतात त्यात आपल्याकडे आणखी काही भर पडते.

आंब्याच्या कलमांवर फवारणी झाली की त्याखालचं गवत विषारी होतं. मोहोर धरण्याच्या काळात फवारणीवर फवारणी चालते आणि नेमके प्रदर्शनाचे दिवसही हिवाळ्यातच असतात. शेजाऱ्याच्या बागेत कधी फवारणी झाली हे विचारल्याशिवाय जनावर सोडू नये. युरियाची फाटकी गोण गोठ्याजवळ पडलेली असेल तर जनावर ती चाटतं आणि थोडा युरियाही जीव घेतो. फवारणीच्या पंपाचं पाणी, औषधाची रिकामी बाटली, खताची गोण या तिन्ही गोष्टी गोठ्यापासून लांब पाहिजेत.

फुरसं आणि घोणस कातळावर, गवताच्या भाऱ्यात, चिऱ्यांच्या ढिगात असतात. पायाला किंवा तोंडाला अचानक सूज, रक्त न थांबणं असं दिसलं की मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवावं.

गोचिडीचा ताप हा संकरित गाईंचा वैरी. ताप, खाणं बंद, लघवी कॉफीसारखी लाल-काळी. हे दिसलं की थांबू नये.

पावसाचं पाणी ही वेगळीच गोष्ट. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माणसांनी माळ्यावर चढून जीव वाचवला. दावणीला बांधलेल्या जनावराला तेही करता येत नाही. पाणी चढायला लागलं की आधी दावं सोडा किंवा कोयत्याने कापा. मोकळं जनावर पोहून उंचावर जाऊ शकतं.

आणि घाट. नोव्हेंबरमध्ये कराडला यशवंतराव चव्हाण यांच्या स्मृतीनिमित्त मोठं कृषी प्रदर्शन भरतं, कोल्हापूरकडेही प्रदर्शनं होतात. आपल्याकडून जायचं तर कुंभार्ली किंवा आंबा घाट चढावा लागतो. पोट भरलेलं जनावर टेम्पोत दाटीने बांधून वळणावळणाने नेलं की ते दमतं, घाबरतं, पोट फुगतं. निघण्याआधी भरपूर खुराक देऊ नये. खाली पेंढा किंवा माती पसरावी म्हणजे पाय घसरत नाहीत. मान आवळून बांधू नये. वाटेत एकदा थांबून पाणी दाखवावं. दुपारच्या उन्हात नेऊ नये.

आपल्याकडच्या पावसाळी नांगरणी स्पर्धेत गावठी बैल आणि घाटी बैल असे वेगळे गट ठेवतात, कारण दोघांची ताकद आणि अंग वेगळं. तोच विचार खाण्यात आणि सरावातही हवा. गावठी बैलाला घाटी बैलाचा खुराक आणि घाटी बैलाला कोकणच्या चिखलात एकदम दिवसभर सराव, दोन्ही चुकीचं.

जनावर मेलं. आता पहिले काही तास

हे शांत डोक्याने वाचून ठेवावं, कारण त्या वेळी डोकं शांत राहत नाही.

१. आधी बाकीची जनावरं वेगळी करा. मेलेल्याचा चारा, पाणी, भांडी दुसऱ्यांना देऊ नका.

२. नाक, तोंड किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर जनावराला हात लावू नका, कातडं काढू नका, फाडू देऊ नका. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. तो माणसालाही होतो आणि त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं राहतात.

३. लगेच गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. नंबर नसेल तर १९६२ हा टोल फ्री नंबर लावा. फोन कधी केला ती वेळ लिहून ठेवा.

४. फोटो आणि छोटा व्हिडीओ काढा. कानातला बिल्ला, त्यावरचा नंबर, पूर्ण जनावर आणि जागा, सगळं दिसलं पाहिजे. बिल्ला कापून काढू नका.

५. शवविच्छेदनाची मागणी करा. आपल्या दमट हवेत मेलेलं जनावर काही तासांत फुगतं आणि आतले अवयव सडतात. मग डॉक्टरांनाही कारण सांगता येत नाही. डॉक्टर येईपर्यंत सावलीत ठेवा, कुत्री आणि कावळे येऊ देऊ नका.

६. विमा असेल तर विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. वीज पडली, पूर आला असेल तर तलाठ्यांना कळवा. बिबट्याने मारलं असेल तर जनावर जागेवरून हलवू नका आणि ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा.

७. हे सगळं झाल्यावर खोल खड्डा करून, चुना टाकून पुरा. विहीर, पऱ्या, पाणवठा यापासून लांब. आपल्याकडे कातळ लागतो म्हणून उथळ खड्ड्यात पुरतात आणि रात्री कुत्री उकरून काढतात. गरज पडली तर ग्रामपंचायतीला सांगून जेसीबी मागवा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नये. "मरणारच आहे तर कापू, चार पैसे सुटतील" असं म्हणून आजारी जनावराचं मांस वाडीत वाटू नये. फाशीसारखा रोग असला तर चार पैशांत माणसाचा जीव जातो.

शवविच्छेदन म्हणजे चिरफाड नव्हे

घरातली माणसं याला नाही म्हणतात. "गेलं ते गेलं, आता कशाला फाडायचं?" हे वाटणं साहजिक आहे. पण कारण कळलं नाही तर उरलेल्या जनावरांना काय द्यायचं तेही कळत नाही. ईटी निघाली तर बाकीच्या शेळ्यांचा खुराक त्याच दिवशी कमी करता येतो आणि लस घेता येते. पीपीआर निघाला तर अख्ख्या वाडीतल्या शेळ्या वाचवता येतात. विष निघालं तर शेजाऱ्यांनाही सावध करता येतं. एका जनावराच्या मरणातून दहा जिवंत राहतात. शिवाय विम्याच्या दाव्याला हाच कागद सगळ्यात आधी मागतात.

पैसे कुठून मिळू शकतात

पशुधन विमा : राष्ट्रीय पशुधन अभियानात विम्याच्या हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने शेतकऱ्याचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. शेळ्या-मेंढ्याही यात येतात. आपल्या भागात सध्या नोंदणी चालू आहे का, हे दवाखान्यात विचारावं. विमा काढताना दोन गोष्टी नीट बघाव्यात. एक, जनावराची किंमत किती लिहिली आहे. समजा बोकड आज २५ हजारांचा आहे आणि कागदावर ८ हजार लिहिले, तर मिळणार ८ हजारांच्याच हिशोबाने. दोन, विमा काढल्यानंतरचे सुरुवातीचे काही दिवस आजाराने मेल्यास दावा बसत नाही, ते दिवस किती हे विचारून घ्यावं. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात विमा काढून उपयोग नाही तो यासाठीच.

नैसर्गिक आपत्ती : वीज, पूर, दरड यात जनावर गेलं तर महसूल विभागाकडून मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत दुभत्या गाय-म्हशीला ३७ हजार ५००, ओढकामाच्या बैलाला ३२ हजार, वासराला २० हजार आणि शेळी-मेंढीला ४ हजार रुपये असे दर होते. अर्ज करताना चालू दर तलाठ्यांकडे विचारावा.

वन्यप्राणी : बिबट्याने मारलं तर वनविभाग बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनाने ठरवलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी ते देतो.

आणि या सगळ्याला एक अट आहे, कानातला १२ अंकी बिल्ला. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, आणि आपत्ती किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात ते मेल्यास भरपाईही मिळत नाही. बिल्ल्याने कान खराब दिसतो म्हणून प्रदर्शनाचं जनावर बिनबिल्ल्याचं ठेवणारे अजूनही आहेत. दिसायला बरं वाटतं, पण जनावर गेलं की सगळी दारं बंद होतात.

साध्या आजाराने, विमा नसताना जनावर गेलं तर बहुतेक वेळा कुठूनच काही मिळत नाही. हे कडू आहे पण खरं आहे. म्हणून विमा आधी, खुराक नंतर.

पोराला कसं सावरायचं

पंधरा-सोळा वर्षांचं पोर असेल तर त्याला खोटं सांगू नये. शाळेतून यायच्या आत जनावर पुरून "व्यापाऱ्याला दिलं" असं सांगणारी घरं आहेत. आज ना उद्या त्याला कळतंच, मग जनावरही गेलं आणि घरच्यांवरचा विश्वासही. त्याला बघू द्यावं, पुरताना सोबत असू द्यावं. रडला तर रडू द्यावं. "बोकडासाठी काय रडतोस" असं म्हणणाऱ्या काकाला आजीने गप्प करावं.

दुसरं, दोष लगेच त्याच्या माथी मारू नये. "तूच जास्त खाऊ घातलंस" हे वाक्य तो आयुष्यभर विसरत नाही. कारण कळल्यावर, चार दिवस गेल्यावर, शांतपणे बसून बोलावं. चूक खुराकाची होती तर पुढे खुराक कसा द्यायचा ते डॉक्टरांच्या तोंडून त्याला कळू द्यावं. जे घरच्यांनी सांगितलं तर बोलणं वाटतं, तेच डॉक्टरांनी सांगितलं तर शिकणं होतं.

तिसरं, पैशाचा विषय मोकळा करावा. बरीच पोरं बचत गटाच्या कर्जातून, आईच्या नावावरच्या पैशातून किंवा मामाकडून उसने घेऊन जनावर घेतात. जनावर गेलं की त्याला वाटतं आपण घर बुडवलं. किती देणं आहे, कधी फेडायचं, हे कागदावर मांडलं की ओझं अर्धं होतं. तो फारच गप्प झाला, जेवेना, झोपेना तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलायला कमीपणा मानू नये.

नोंदवही मरत नाही

अमेरिकेत गावाकडच्या मुलांसाठी फोर-एच नावाची चळवळ आहे. १९०२ मध्ये ओहायो राज्यात ती सुरू झाली. मुलं एक वासरू, डुक्कर, शेळी किंवा कोंबड्या वाढवतात आणि तालुक्याच्या जत्रेत नेऊन दाखवतात. तिथेही जनावरं जत्रेआधी मरतात. पण तिथे जनावरासोबत नोंदवहीही प्रकल्पाचा भाग असते. काय खाऊ घातलं, किती खर्च, वजन किती वाढलं, कधी आजारी पडलं, कोणती लस, सगळं लिहिलेलं. जनावर गेलं तरी वर्षभराचं शिकणं वहीत राहतं.

आपल्याकडे कृषी महाविद्यालयातली मुलं शिकताना कोंबड्यांची तुकडी किंवा शेळ्या सांभाळतात, तेव्हा किती मेल्या आणि का मेल्या ही नोंदही त्यांना ठेवावी लागते. मर लपवायची नसते, लिहायची असते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ज्या कोकण कन्याळ शेळीवर काम केलं, तेही वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींवरच उभं आहे. गावठी म्हणून हिणवली जाणारी आपली लहान चणीची गाय आज कोकण कपिला नावाने देशाच्या जातींच्या यादीत आहे, तीही कुणीतरी मोजमापं घेतली म्हणूनच.

दोनशे पानी एक वही पुरे. दर पंधरा दिवसांनी छातीचा घेर दोरीने मोजायचा, खुराक लिहायचा, लसीची तारीख लिहायची, खर्च लिहायचा. जनावर जगलं तर परीक्षकांपुढे ही वही बोलते. मेलं तर डॉक्टरांना कारण शोधायला आणि विमा कंपनीला दाखवायला उपयोगी पडते. आणि पुढचं जनावर घेताना पोर शून्यातून सुरू करत नाही.

पुढचं जनावर कधी

घाई करू नये. रोगाने मेलं असेल तर गोठा झाडून, शेणमाती खरवडून, चुना मारून, उन्हं आत येतील असं करून काही आठवडे मोकळा ठेवावा. किती दिवस, ते रोग बघून डॉक्टर सांगतील. त्याच गोठ्यात, त्याच दाव्याला, आठवड्यात दुसरं जनावर बांधलं तर तेही जाण्याची भीती असते, आणि दुसरा धक्का पोराला पेलत नाही.

पुन्हा सुरुवात करताना तारखेपासून उलटं मोजावं. तीन महिने आधी बिल्ला, विमा आणि जंताचं औषध. दोन महिने आधी सगळ्या लसी, म्हणजे दुसरी मात्रा घ्यायलाही वेळ राहतो. एक महिना आधी खुराक हळूहळू चढवणं आणि चालवण्याचा सराव. शेवटच्या पंधरा दिवसांत नवीन काही नाही. नवीन चारा नाही, नवीन औषध नाही, गोठ्यात नवीन जनावर नाही, ऐकीव टॉनिक तर नाहीच. शेवटच्या दोन दिवसांत दवाखान्यातून आरोग्य दाखला आणि रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघणं. शेळीला १०२ ते १०३ अंशांच्या आसपास ताप हा नेहमीचा. त्याच्या बराच वर गेला तर गाडीत चढवू नये.

ताप आलेलं जनावर घरी ठेवून प्रदर्शन सोडून देणं सगळ्यात अवघड जातं. गाडी ठरलेली असते, फ्लेक्स लागलेला असतो, मित्र तयार असतात. पण आजारी जनावर नेलं तर आपलं जातंच, शिवाय तिथून शंभर गोठ्यांत रोग जातो. यंदाचं मैदान हुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा भरतं, आणि जनावर जिवंत असेल तर त्यात उतरता येतं.